गोड्या पाण्याचं तळं

"पाणी दिसलं पाहिजे मॅडम. बाकी मला काही सांगू नका."

साहेबांचा आवाज अख्ख्या एसटीत घुमला आणि पुढच्या बाकावरच्या दोन बायांनी मागे वळून पाहिलं. अनुपमाबाईंनी मोबाइल पोटाशी धरला, पण त्यानं आवाज थोडाच दबतो! मे महिन्यात एका शेततळ्याची खोदाई बघताना तो फोन हातातून निसटून थेट खड्ड्यात गेला होता. तेव्हापासून कानाला लावला की ठार मुका. स्पीकरवर टाकला तरच बोलायचा. दुरुस्तीला टाकू, टाकू म्हणता जून संपत आला होता. त्यामुळे बाईंच्या घरचं, ऑफिसचं, सगळं काही अकोल्याहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीला तोंडपाठ झालेलं.

"साहेब, पावसाचा पत्ता नाही. तळ्यात पाणी आणू कुठून?"

"त्या बाईच्या शेतात बोअर आहे ना? सोडा म्हणावं तळ्यात. परवा दिल्लीचं पथक येतंय. तुमच्या भागात रस्त्याला लागून तेवढं एकच तळं आहे. त्यांना काय कोरडा खड्डा दाखवू?"

"बोअर खारी आहे साहेब."

"पथक काय पिऊन बघणार आहे?" साहेब म्हणाले आणि फोन बंद झाला.

शेजारी लाखनखेडचे डोमाजी बसले होते. अकोल्याला डोळा दाखवून परत निघालेले, डोळ्यावर हिरवी पट्टी. त्यांनी उरलेल्या डोळ्यानं बाईंकडे बघितलं. "गोड्या तळ्यात खारं पानी सोडा मन्ते? कोन येडा हाय हा?"

"आमचे तालुक्याचे साहेब आहेत."

"मंग बरोबर हाय," डोमाजी म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेले.

बाईंना काही झोप येण्यातली नव्हती. तशाही त्या एका जागी बसणाऱ्यातल्या नव्हेतच. नवरा, मोरोपंत, लग्नापासून त्यांना चिडवायचे की अनूच्या पायाला भिंगरी आहे, हिला बसवून जेवू घालील त्याला मी बक्षीस देईन. कृषी सहायकाच्या नोकरीनं त्या भिंगरीला वंगणच मिळालं. या गावाहून त्या गावाला, या वावरातून त्या वावरात. पण आजची चुळबूळ वेगळी होती. पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर जात होती.

आता खाऱ्या पाण्याचं एवढं काय, असं कुणी पुण्या-मुंबईचा विचारील. त्यानं एकदा पूर्णेच्या काठी यावं. जमीन बघाल तर काळी, लोण्यासारखी. दगड औषधाला सापडायचा नाही. पण खाली जे पाणी आहे ते खारं. कितीही खोल जा, खारंच. पिकाला दिलं की पीक करपतं. त्यामुळे खारपाणपट्ट्यातला माणूस हरभरा पेरतो तो जमिनीत मुरलेल्या ओलीच्या भरवशावर, आणि ती ओल नेमकी हरभरा फुलावर आला की दगा देते. तेव्हा एक, फक्त एक गोडं पाणी मिळालं तर घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, टच्च भरतात. म्हणून ही शेततळ्याची योजना. पावसाचं पाणी वावरातच खड्ड्यात अडवायचं. प्लॅस्टिक अंथरायचीसुद्धा गरज नाही, ही काळी माती भिजली की फुगते आणि स्वतःच स्वतःच्या भेगा बुजवते.

अनुपमाबाईंचा या योजनेवर जीव होता. सरकारी कामावर कुणाचा जीव असतो म्हटलं तर लोक हसतील, पण होता खरा. गावोगाव फिरून त्यांनी लोकांच्या गळी ते तळं उतरवायचा प्रयत्न केला. लोक चहा पाजायचे, हो हो म्हणायचे आणि शेवटी विचारायचे की मॅडम, पिकतं वावर खड्ड्यात घालू काय? लाखनखेडात पहिल्यांदा हो म्हणाली ती हलीमाबी.

हलीमाबीला खारं पाणी काय करतं ते कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या नवऱ्यानं, बशीरनं, हौसेनं बोअर मारली होती. पाण्याचं कारंजं उडालं, गावानं पेढे मागितले, बशीरनं ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकून मुकाट्यानं घरी निघून गेला. पुढे एका वर्षी पीक सुकायला लागलेलं बघवेना म्हणून त्यानं जिद्दीनं तेच पाणी हरभऱ्याला दिलं. आठवड्याभरात उभं वावर राखेच्या रंगाचं झालं. तो बशीर आता नव्हता. हलीमाबी आणि तिचा लग्नाच्या वयाचा मुलगा शाकीब, दोघं मिळून वावर बघत. बोअर म्हशी धुवायला तेवढी चालू व्हायची.

आणि एक रिवाज होता. दर पौषात, पीक बरं असो की वाईट, हलीमाबी हरभऱ्याच्या ओल्या घाट्यांची जुडी बाईंच्या घरी, अकोल्याला जठारपेठेत धाडायची. मोरोपंतांना त्या घाट्यांचं भारी वेड. संस्कृतचे मास्तर, पण घाटे सोलताना लहान पोर व्हायचे. तळ्याची आखणी झाली त्या दिवशी चुन्याच्या रेषेवर उभं राहून हलीमाबी बाईंना म्हणाली होती की यंदा गोडं पाणी भेटलं तं दादासाठी जुडी नाई, पोतं धाडीन.

त्या दादांना, म्हणजे मोरोपंतांना, दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. शेजारच्या वहिनी दिवसा येऊन-जाऊन बघायच्या, पण शेजाऱ्यांनी तरी किती करायचं? बाईंनी अकोल्याला बदली मागितली होती. अर्जाला साहेबांची शिफारस हवी होती.

तालुक्याच्या स्टँडवर उतरल्यावर बाईंनी ऑफिस गाठलं. टेबलाशी बसल्या, उठल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा बसल्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये साहेबांनी विचारलं होतं, लाखनखेडच्या तळ्याचा पाण्यासकट फोटो केव्हा येतो? खाली कुणीतरी आगाऊपणे दोन अंगठे चिकटवले होते. दुपारी बाई व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी शाकीबला फोन लावला. बोअर तळ्यात सोड म्हणाल्या. थोडंच सोड, परवा दुपारी उपसून टाकू, काही होत नाही.

काही होत नाही हे वाक्य त्यांच्या तोंडून किती सहज गेलं! फोन ठेवल्यावर तेच वाक्य त्यांच्या मागे लागलं. डबा उघडून नुसत्या बसल्या. उपसून कितीसं उपसणार? तळाचा चिखल तर राहणारच. जूनचं हे ऊन, पाणी उडून जाईल आणि मीठ खाली बसेल. पुढे पावसाचं पाणी साचेल ते त्याच मिठावर. हे त्या गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या. शेवटी त्यांनी डबा तसाच झाकला, स्टँडमागे ठेवलेली स्कूटी काढली आणि लाखनखेडचा रस्ता धरला.

मोटारीचा आवाज रस्त्यावरूनच ऐकू आला. शाकीब पाइप धरून काठावर उभा होता आणि तळ्याच्या एका कोपऱ्यात पाणी चमकत होतं. हलीमाबी खोदाईच्या मातीच्या ढिगावर बसली होती, तळ्याकडे पाठ करून. बाईंनी स्कूटी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर टाकली, भेगाळल्या ढेकळांतून धडपडत स्टार्टरपाशी गेल्या आणि लाल बटण दाबलं. एकदम शांत झालं.

"चुकलं माझं हलीमाबी," त्या म्हणाल्या. धाप लागली होती. "मी सांगायला नको होतं. तुम्ही तरी कसं सोडलंत?"

"तुमी सांगतलं, म्या सोडलं," हलीमाबी म्हणाली. "खड्डा खंदा मनल्या तवा काई इचारलं का मी?"

या बोलण्यात राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. राग नव्हता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यातलं पाणी आत्ताच्या आत्ता बादल्यांनी काढू, वरचा ओला थर खरवडून फेकू, असं काहीबाही त्या बोलत होत्या, पदर खोचत होत्या, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. साहेब. उचलावा तर लागणारच होता, आणि उचलला की स्पीकर.

"मॅडम, फोटो?"

"साहेब, मी मोटार बंद केली. या तळ्याची वाट लागेल. गरीब बाई आहे, पहिलंच वर्ष आहे."

साहेब रागावले नाहीत. उलट त्यांचा आवाज मऊ झाला. "मोरोपंतांची तब्येत कशी आहे आता?"

"आहे तशीच आहे."

"तुमचा बदलीचा अर्ज माझ्यासमोरच आहे. मला वाईट वाटतं हो तुमचं. पथक नीट पार पडलं की त्याच दिवशी शिफारस करून टाकतो. नाहीतर मग या वर्षीच्या बदल्या संपल्या, पुढच्या वर्षी बघावं लागेल. तुम्हीच ठरवा."

फोन बंद झाला. वावरात तिघं होती आणि तिघांनीही सगळं ऐकलं होतं. बाईंना मान वर करवेना.

हलीमाबी ढिगावरून उतरली. "दादा अजून निजूनच हायेत?"

"हो." एवढंच म्हणायचं होतं, पण बांध फुटला तसं पुढचंही आलं. "मी सकाळी निघते तेव्हा दाराकडे बघत असतात. संध्याकाळी येते तेव्हाही तसेच, दाराकडेच. मधे कुणी कूस बदलून दिली तर दिली. परवा तहान लागली म्हणून तांब्या घ्यायला गेले आणि पडले. दुपारभर फरशीवर होते हलीमाबी."

हलीमाबीनं त्या अजून जवळजवळ कोरड्या तळ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. नवं भांडं घरात आणल्यावर बायका बघतात तसं. मग ती मुलाला म्हणाली, "शाकीब, चालू कर."

"अम्मी, अब्बाच्या टायमाले काय झालतं..."

"मले नोको सांगू. चालू कर." मग बाईंकडे वळून ती म्हणाली, "एका सालची गोष्ट हाय मॅडम. तळं काई पळून नाई चाललं."

आता इथे बाईंनी नको म्हणायचं होतं. दोन अक्षरांचा शब्द. भाजीवाल्याला म्हणतो, चहाचा दुसरा कप पुढे आला की म्हणतो, तो. बाईंच्या जिभेवर तो आलाही होता. पण डोळ्यांसमोर ती फरशी आली, आडवा पडलेला तांब्या आला. त्यांनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. शाकीब त्यांच्याकडे बघत उभा राहिला, जरा जास्तच वेळ. मग त्यानं हिरवं बटण दाबलं. मोटार सुरू झाली.

संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला. ग्रुपमध्ये खूप अंगठे आले.

पथक परवा आलंच नाही. पुढे ढकललं. साहेब म्हणाले, पाणी ठेवा. उन्हानं ते उतरलं की शाकीबनं पुन्हा मोटार लावायची, पुन्हा उतरलं की पुन्हा. दहा-बारा दिवस असे गेले. मग एका दुपारी तीन पांढऱ्या गाड्या आल्या, तळ्यासमोर हळू झाल्या. मधल्या गाडीची काच खाली सरकली, आतून कुणीतरी 'बढ़िया, बढ़िया' म्हणालं, काच वर गेली. हलीमाबी नव्या ओढणीचा पदर डोक्यावर घेऊन, हारासाठी आणलेली झेंडूची फुलं हातात धरून काठावर उभी होती. खाली कुणी उतरलंच नाही. गाड्या धूळ उडवत पुढच्या गावाला गेल्या.

शब्दाला मात्र साहेब जागले. बदली झाली. शाकीबनं तळं उपसलं, तळाशी चिखल राहिला, दोन दिवसांत त्यावर पांढरी साय धरली, आणि मग उशिरा का होईना, पाऊस आला.

अकोल्याचं ऑफिस घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. दुपारी जेवायला घरी यायचं, मोरोपंतांना कुशीवर वळवायचं, औषध द्यायचं. पंत हळूहळू उठून बसायला लागले, डाव्या हातानं पेला धरायला लागले. सगळं मनासारखं झालं होतं. तरी बाईंच्या पायाची भिंगरी थांबेना. भाजी चिरता चिरता उठायच्या, खिडकीशी जायच्या, कशाला आलो ते विसरून परत यायच्या. एकदा त्यांनी शाकीबला फोन करून विचारलं, तळं भरलं का? भरलं ना मॅडम, लबालब, तो म्हणाला. पाणी कसं आहे हे काही त्यांनी विचारलं नाही. नंतर कितीदा तरी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. नवा फोन होता, कानाशी धरून हळू बोलता येण्याजोगा. तरी नाही.

पौषात, सकाळी कोवळं ऊन ओट्यावर आलं असताना, दारात शाकीब उभा राहिला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी त्याच्या काखेत होती. हिरव्यागार काड्या आणि टच्च भरलेले घाटे. पंतांना अंथरुणावरूनच वास आला आणि ते अर्धवट जिभेनं ओरडले, "हरभरा. अनू, हरभरा आला."

बाईंच्या छातीवरचा दगडच उतरला. त्या हसल्या, शाकीबला बसायला खुर्ची दिली, चहा टाकला, एक घाटा सोलून बघितला, आत दोन गोल दाणे. उगाच आपण झुरलो. पावसानं मीठ धुवून नेलं असणार. त्या बोलतच सुटल्या. "छान आलाय की रे या वर्षी. म्हणजे पाणी गोडं झालं तर. मी म्हणतच होते, एवढ्या पावसात काय राहतंय..."

शाकीब कपातल्या चहाकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काई नाई."

"शाकीब, सांग."

"अम्मीनं मना केलं हाय सांगाले." त्यानं कप खाली ठेवला. "फुलावर होता तवा एक पानी देल्लं. देऊ नोको मने अम्मी, मीच देल्लं. मले वाटलं इतलं पानी पडलं, आता काय. सारा करपला मॅडम. म्हशीबी तोंड लावत नाई त्या पान्याले."

बाईंनी हातातल्या सोललेल्या घाट्याकडे बघितलं. "मग हा?"

"हा बाजूच्या पार्बताबाईच्या वावरातला. अम्मी गेलती मांगाले. मॅडमच्या घरी दरसाल जाते मने, यंदा नाई गेला तं त्या समजून जातीन." तो उठला. "मी सांगतलं असं बोलू नका तिले. पुढच्या सालचा आपल्या वावरातला धाडीन मने."

त्याला साडेनऊची गाडी धरायची होती. तो पायऱ्या उतरून गेला, कोपऱ्यावर ऑटोला हात केला. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आतून पंत हाका मारत होते, एकसारख्या.

बाईंनी जुडी उचलली, परात घेतली आणि पलंगाशी खाली बसल्या. सोलायच्या आणि एकेक दाणा पंतांच्या तोंडात द्यायच्या. घाट्यांवरची आंबट आंब बोटांना लागत होती, नखाशी जरा कापलं होतं तिथे चुरचुरत होती. पंत डोळे मिटून चावत होते. ओठाच्या एका कोपऱ्यातून हिरवा रस आला, तो बाईंनी पदरानं पुसला.

"गोड आहेत," पंत म्हणाले. "हलीमाबीला कळव."

"कळवते."

"तू घे ना."

"घेते," बाई म्हणाल्या आणि पुढचा दाणा त्यांनाच दिला.

ऑफिसची वेळ झाली. शेजारच्या वहिनी डोकावून गेल्या, आज जायचं नाही का म्हणाल्या. फोन वाजून वाजून बंद झाला. जुडी संपेपर्यंत बाई तिथून उठल्या नाहीत.